बाळ रडलं होतं का?

"सिस्टर, नीट आठवून सांगा. बाळ रडलं होतं का?"

चौगुले डॉक्टरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातात लसीचा डबा होता आणि बाहेर बावीस पोरं आयांच्या कडेवर किंचाळत होती. बुधवार, लसीकरणाचा दिवस. मी म्हटलं, "कुठलं बाळ, सर? इथं सगळीच रडतायत."

"कालचं. बाबरांच्या सुनेचं."

"रडलं की! तुमच्यासमोर रडलं. तुम्हीच नाही का म्हणालात, सिस्टर, ही तर रडतेय?"

"मी त्या वेळी जरा गडबडीत होतो," असं म्हणून डॉक्टरांनी उठून खोलीचं दार लावलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर दार लावून बोलायला लागला की सिस्टरनं आधी खुर्ची धरावी, एवढं मला एकोणीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. मी डबा खाली ठेवला आणि बसले.

मी शालन भिसे. रिटायर होऊन आता आठ वर्षं झाली, तेव्हा कुणाच्या बापाला भीत नाही. तरी गावाचं नाव बदलूनच सांगते, धामणेवाडी म्हणा. कारण त्यातले एक साहेब अजून हयात आहेत, सकाळी फिरायला जातात आणि भेटले की मला नमस्कार करतात. उगाच म्हाताऱ्या माणसाचं बीपी कशाला वाढवा.

तर धामणेवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा एकच विषय होता. आमच्या हद्दीत वर्षभरात एकही तान्हं मूल दगावलं नव्हतं. 'शून्य बालमृत्यू' म्हणून जिल्ह्याची ढाल आम्हाला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं. वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते, पण फ्लेक्सवाला पुढं गणपतीच्या ऑर्डरीत अडकणार होता, म्हणून फ्लेक्स आधीच छापून आणला. नुसता आणला नाही, फाटकावर टांगलासुद्धा. मधोमध चौगुले डॉक्टर हात जोडून उभे, वर हे भलंमोठं शून्य, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी मी. वीस दिवस कुणीही मरायचं नाही, असा तो हुकूमच होता म्हणा ना.

आणि मंगळवारी सकाळी मोहिनी बाबर बाळंत झाली.

मोहिनी एकवीस वर्षांची. पहिलटकरीण. नवरा हणमंत इचलकरंजीला यंत्रमागावर. सासू आनसाबाईनं तिला आठला आणून सोडली, मला म्हणाली, "बाई, अजून येळ हाय न्हवं? जनावरं दावणीला उपाशी हायती. वैरण टाकून, जुनेर घिऊन येते," आणि गेली. पहिल्या खेपेला वेळ लागतोच, म्हणून मीही जा म्हटलं. पण ह्या पोरीनं घाई केली. दहा चाळीसला मुलगी झाली.

भुवयांच्या वर तिला डोकंच नव्हतं. कपाळ सुरू व्हायचं तिथंच संपलेलं. खाली मात्र सगळं जागच्या जागी होतं, नाक, ओठ, हनुवटीला खळी, बोटांना नखं. मी सातआठशे बाळंतपणं केलेली बाई, पण माझे हात थांबले. तेवढ्यात ती रडली. आवाज बारीक होता, पण रडणंच होतं ते. त्यात मला काय, बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशींनाही शंका नव्हती.

अशा बाळाला कुणी वाचवू शकत नाही. पुण्याला न्या, मुंबईला न्या, विलायतेला न्या, तासा-दोन तासांचा, फार तर एखाद-दोन दिवसांचा खेळ असतो. मोहिनीनं पांढऱ्या मलमलीचं टोपडं शिवून आणलं होतं. मी ते बाळाला घातलं, भुवयांपर्यंत नीट खाली ओढलं आणि पोरीला तिच्या छातीवर दिलं. म्हटलं, "मोहिनी, हिचं डोकं पुरतं झालेलं नाही गं. ही राहायची नाही. आहे तोवर घे." पोरीनं तिचं बोट मुठीत धरलं होतं, मोहिनी त्या मुठीकडं बघत राहिली. सव्वाअकराला सगळं थांबलं. चौगुले डॉक्टर तिथंच उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता हो तो.

आनसाबाई वैरण टाकून परत आली तेव्हा बाळ कापडात गुंडाळलेलं होतं. डॉक्टरांनी तिला एवढंच सांगितलं, "बाळ गेलं, आजी. बघू नका." तिनं बघितलं नाही. तसंच उचललं आणि दिराला घेऊन ओढ्याकाठी माती देऊन आली.

हे झालं मंगळवारी. आणि बुधवारी डॉक्टर मला विचारत होते, बाळ रडलं होतं का.

"सिस्टर," दार लावून ते हळू आवाजात म्हणाले, "पोटात गेलेलं मूल बालमृत्यूत धरत नाहीत. बाहेर येऊन गेलं तरच धरतात."

"ते बाहेर आलं होतं, सर. चांगलं पस्तीस मिनिटं होतं."

"म्हणून तर विचारतोय ना!"

"मग आपण खरंच लिहू की. जन्मजात दोष होता. त्यात ना तुमची चूक, ना माझी."

डॉक्टर हसले. "तुम्ही तो फॉर्म वाचलाय का कधी? मृत्यू टाळता आला असता का, आणि त्याला जबाबदार कोण? कुणीच नाही, असा रकानाच नाही त्यात. कुणाचं तरी नाव घालावंच लागतं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "सिस्टर, माझी बायको कोल्हापुरात एकटी आहे. सातवा महिना आहे तिला. ढाल मिळाली तर बदलीचं काम होईल असं तालुक्याचे साहेब म्हणालेत. आणि आपण कुणाचं वाईट करतोय सांगा? गेलेलं बाळ गेलेलंच आहे. आईला काय, दोन्ही सारखंच."

बाळंतपणाचं रजिस्टर समोर उघडंच होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'वेळ १०.४०. स्त्री. जन्मजात दोष. बाळ जन्मताच रडले.' मृत्यूची नोंद वेगळ्या रजिस्टरात करायची असते, ती लसीकरणाच्या गडबडीत राहिली होती. आणि 'रडले'च्या पुढं ओळीत चांगली बोटभर जागा होती.

"एकच शब्द," डॉक्टर म्हणाले.

माझ्या निळ्या पेनातली शाई संपली होती. त्यांनी खिशातलं काळं पेन दिलं. मी 'नाही' लिहिलं. मग मोहिनीच्या डिस्चार्ज कार्डावरही लिहिलं, 'मृत बालक जन्मले.'

तुम्ही म्हणाल, का लिहिलंस? तर खरं सांगते. बदली त्यांची होणार होती, माझं त्यात काय अडलं होतं! पण फ्लेक्सवर माझा फोटो होता. बारका होता, पण छान आला होता. माझ्या बहिणीनं एसटीतून जाताना बघून फोन केला होता, "शालन, तू गं?" तो फोटो खाली उतरवलेला मला बघायचा नव्हता. एवढ्या कारणासाठी माणूस काय काय करतं, बघा.

त्याच संध्याकाळी आनसाबाई बैलगाडी घेऊन आली आणि सुनेला घरी घेऊन गेली. डिस्चार्ज कार्ड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण सरकारी कागद जपायचा असतो हे तिला पक्कं माहीत होतं.

* * *

बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी, गुरुवारी भर दुपारी, मोहिनी माझ्या क्वार्टरच्या दारात उभी. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं नाही, कानात कापूस नाही, दीड कोस उन्हातून चालत आलेली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पाणी तिनं तसंच हातात धरलं.

"सिस्टर, एक इचारू? ती रडली हुती न्हवं?"

मी दार लोटून घेतलं.

"तुमी तिथंच हुता. तुमीच तिला टोपडं घातलं. माजं बोट धरलं हुतं तिनं. ही बगा, हे बोट." तिनं मला बोट दाखवलं, जणू त्यावर काही उमटलेलं असणार. "पर आत्या म्हणत्यात, मला येड लागलंय. कार्डावर मेलेलंच आलं म्हणून लिवलंय. गुरुजींच्याकडनं वाचून घेटलं त्यांनी. सरकारी कागद काय खोटा बोलतोय व्हय, म्हणत्यात."

"बरं, मग?"

"मग काय! वैशाखात गिराण लागलं हुतं न्हवं सूर्याचं, त्या दिवशी मी दोडका चिरला हुता. इसरून गेले हो, खरंच इसरले. आत्या म्हणत्यात, तू पोरीचं डोस्कंच चिरलंस. पोटातच मारलीस. म्हणून तर मेलेली आली, आन् तसं कागदावरबी हाय." तिनं पदर तोंडाला लावला. "बेंदराला पोळी खा म्हनल्या. मी न्हाय खाल्ली, सुतक हाय म्हनलं. तर म्हनल्या, आमच्यात रडल्याबिगर सुतक लागत न्हाय. रडलेल्या लेकराचं तीन दिस धरत्यात. मेल्या गोळ्याचं कसलं सुतक?"

"आणि हणमंत?"

"त्ये म्हणत्यात, आई म्हणंल तसं. रविवारी माज्या आईबाला बोलावलंय. चार मानसं बसनार हायती. मला कायमचं माघारी धाडायचं ठरलंय. त्यांच्यासाठी दुसरी बघनार. तुमी फकस्त एकदा यिऊन आत्याला सांगा की ती रडली हुती. बाकी मी काय मागत न्हाय."

आता ऐका, मी काय म्हणाले. मी म्हणाले, "लोहाच्या गोळ्या खातेस का रोज?"

देवाशप्पथ, हेच म्हणाले! समोर पोरगी संसार मोडायला निघालाय म्हणून सांगतेय, आणि मी लोहाच्या गोळ्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माणूस इतकं तयार होतं. मोहिनीनं मान हलवली, खाते म्हणाली, पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला आणि आल्या वाटेनं निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बरं झालं, नाही गेलं ते.

* * *

शुक्रवारी तालुक्याची जीप आली. झालं असं होतं की शेजारच्या आरोग्य केंद्राचा ढालीसाठी दुसरा नंबर होता, आणि तिथल्या कुणीतरी निनावी अर्ज ठोकून दिला होता, 'धामणेवाडीचे बाळ जिवंत जन्मले होते.' त्या अर्जदाराला बाळाचं केवढं दुःख झालं असेल बघा! अर्ज आला म्हणजे चौकशी आली. तालुका आरोग्य अधिकारी इंगवले साहेब स्वतः फॉर्म भरायला आले. पुढं साहेब, मागं मी आणि चौगुले डॉक्टर, अशी आमची वरात बाबरांच्या वस्तीवर निघाली.

"काळजी करू नका हो," साहेब वाटेत म्हणाले. "ढाल तालुक्यातच राहिली पाहिजे. आईला दोन प्रश्न विचारू, सिस्टर एक सही करतील, विषय मिटला. सिस्टर, तुम्हाला एकच विचारणार. काय सांगायचं माहीत आहे ना?"

"रजिस्टरात आहे तेच," चौगुले घाईनं म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

आनसाबाईनं अंगणात नवी वाकळ अंथरली होती. साहेब येणार म्हणून शेजारून कपबशा आणलेल्या, चुलीवर चहा उकळत होता. बेंदूर होऊन आठवडा उलटलेला, दावणीच्या बैलांच्या शिंगांना रंग अजून ताजा होता. मोहिनी आतल्या उंबऱ्याला टेकून उभी होती. हणमंतही आला होता, रविवारच्या बैठकीसाठी रजा टाकून. पण तो मेढीला टेकून नखं कुरतडत बसला होता, तेव्हा त्याला मोजायचं कारण नाही.

इंगवले साहेबांनी फॉर्म काढला. चौदा पानी! साहेब एकेक वाचायला लागले.

"मातेची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली होती का? होय. लोहाच्या व फॉलिकच्या गोळ्या दिल्या होत्या का? होय. सोनोग्राफी मशीन तालुक्यात उपलब्ध होते का?"

"मशीन होतं," मी म्हटलं, "पण ते चालवणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली. सहा महिने त्याच्यावर चादर घातलीय."

"तसं विचारलेलं नाही, सिस्टर. मशीन उपलब्ध होते का, एवढंच विचारलंय." साहेबांनी 'होय' लिहिलं. "धोक्याची लक्षणं मातेस समजावून सांगितली होती का? होय. वाहन वेळेवर मिळाले का?"

"आमच्याच बैलगाडीनं आनली," आनसाबाई म्हणाली.

"म्हणजे मिळालं. होय."

असं होय होय करत गाडी तेराव्या पानावर आली. तिथं ठळक अक्षरात होतं, 'मृत्यूस जबाबदार घटक. एकावर खूण करावी.' खाली सहा नावं. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशा, वाहन, औषधसाठा, माता. पेन सहाही नावांवरून फिरलं आणि साहेब अडले. डॉक्टरवर खूण केली तर डॉक्टरचा खुलासा मागवावा लागणार. माझ्यावर केली तर माझा. औषधसाठ्यावर केली तर थेट जिल्ह्याच्या स्टोअरला धक्का.

त्यांची ती अडचण आनसाबाईनं सोडवली. "सायेब, मी सांगू का? ह्यात दवाखान्याची काय बी चूक न्हाय. हिनंच गिराणात दोडका चिरला."

आता साहेब एम.बी.बी.एस. झालेले. ग्रहणानं काही होत नाही, हे त्यांनी शाळाशाळांतून भाषणात सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी कधी विसरणार नाही.

"असं का?" साहेब म्हणाले. "तसं नाही हो, ग्रहणबिहण काही नसतं. पण गरोदरपणात सुरी-विळी हाताळणं... विश्रांती न घेणं... म्हणजे एकंदरीत मातेची हयगय, असं म्हणता येईल." आणि त्यांनी सहाव्या नावावर खूण केली. मातेचा खुलासा मागवावा लागत नाही. तिला नोटीस काढावी लागत नाही, तिची संघटना नाही, ती संपावर जात नाही.

"बगा," आनसाबाई अंगणाला सांगितल्यासारखं म्हणाली, "सायेब बी लिवत्यात. रविवारी ह्योच कागद दावते चार मानसांत."

हणमंतनं नखं कुरतडायचं थांबवून आईकडं बघितलं आणि परत सुरू केलं. चहा आला. साहेबांच्या हातात बशी, चौगुल्यांच्या हातात कप. तेवढ्यात उंबऱ्याकडून आवाज आला.

"ती रडली हुती."

"गप ए!" आनसाबाई ओरडली. "परत लागली ही. कागद काय खोटा हाय?"

"रडली हुती, आत्या. माजं बोट धरलं हुतं."

साहेब कपाळाला आठी घालून माझ्याकडं वळले. हाच तो एक प्रश्न, म्हणून बिनघोर होते. "सिस्टर, तुम्ही हजर होता. सांगून टाका म्हणजे विषय संपला. बाळ रडलं होतं का?"

चौगुले डॉक्टर बैलाच्या शिंगांकडं बघत होते. मोहिनी माझ्याकडं बघत होती. काल मी तिला लोहाच्या गोळ्या विचारल्या होत्या, तरीसुद्धा बघत होती. आणि काय सांगू, लाज वाटली मला. स्वतःची एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

"रडलं होतं," मी म्हटलं.

"अं?"

"रडलं होतं, साहेब. दहा चाळीसला झालं, जन्मताच रडलं. सव्वाअकराला गेलं. रजिस्टरातला तो 'नाही' दुसऱ्या दिवशीचा आहे. मी लिहिलाय."

साहेबांची बशी हातात तशीच राहिली. चौगुल्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मी मग साहेबांकडं बघितलंच नाही. आनसाबाईसमोर जाऊन वाकळेवर बसले.

"आनसाबाई, ऐका. ग्रहण लागलं तेव्हा हिला कितवा होता?"

"सातवा."

"बाळाचं डोकं पहिल्याच महिन्यात धरतं. धरलं तर धरलं, नाही तर नाही. पहिल्या महिन्यात आपल्याला दिवस गेलेत हे हिलासुद्धा माहीत नव्हतं. माझ्या गोळ्या हिला तिसऱ्या महिन्यात मिळाल्या, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. वैशाखात हिनं दोडका चिरला काय आणि भोपळा चिरला काय, त्या लेकराला डोकं आधीपासूनच नव्हतं. ह्यात हिचा दोष नाही. कुणाचाच नाही. असं कधीकधी होतं, बाई, होतं. आणि पोटात मेली म्हणून कागदावर आहे, ते आम्ही लिहिलं. फाटकावरच्या त्या फ्लेक्ससाठी लिहिलं. हिचा कागद खोटा आहे, ही खोटी नाही."

आनसाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्यायलाच पाहिजे होत्या.

"किती येळ हुती?" तिनं विचारलं.

"पस्तीस मिनिटं."

"दहा चाळीस म्हंजी..." ती मनाशी हिशेब लावत होती. "मी वैरण टाकत हुते तवा. ह्या तांबड्याला पेंड घालत हुते." तिनं बैलाकडं बघितलं, जणू त्याला साक्षीला घेत होती. "म्हंजी मी आले तवा नुकतीच गेली हुती? माज्या हातात दिली तवा ऊन लागली मला. म्हनलं, कापडाची ऊब आसंल."

तिनं स्वतःचे तळहात उघडून बघितले.

"मी तोंडसुदीक न्हाय बगितलं, बाई. कशी हुती?"

"खाली सगळं चांगलं होतं. हनुवटीला खळी होती."

आनसाबाईचा हात आपसूक स्वतःच्या हनुवटीला गेला. तिथं खळी होती. मंगळवारी मला दिसली नव्हती, आता दिसली.

"आगं आई गं," ती म्हणाली, "मग सुतक धराय पायजे हुतं की! आमी पोळ्या खाल्ल्या. जित्या लेकराचं सुतक लागलेलं, आन् मी कटाची आमटी वाटून खाल्ली गल्लीत." ती उठली. गुडघ्यावर हात देऊन कशीबशी उठली आणि सरळ इंगवले साहेबांच्या पुढं जाऊन उभी राहिली. "सायेब, ठेवा त्यो चहा."

"अं?"

"चहा ठेवा खाली. घरात सुतक हाय. बाहेरच्या मानसानं पानीबी घ्यायचं न्हाय हितलं."

"अहो आजी," साहेब सावरून म्हणाले, "त्याला आज अकरावा दिवस."

"आमास्नी आज कळलं. कळलं तवापासनं धरायचं आसतं. तीन दिस." तिनं साहेबांच्या हातातली बशी काढून घेतली, चौगुल्यांच्या हातातला कप घेतला, आणि दोन्ही अंगणाच्या कडेला ओतले. "हणम्या, हिच्या आईबाला सांगावा धाड. रविवारी यिऊ नका म्हणावं. सुतकात बैठक बसत न्हाय."

"आन् सुतक फिटल्यावर?" हणमंत म्हणाला. तेवढं एकच वाक्य तो त्या दिवशी बोलला.

"सुतक फिटल्यावर तू इचलकरंजीला जाशील. दुसरं काय?" असं म्हणून आनसाबाई उंबऱ्याशी गेली. मोहिनी तिथंच खाली बसली होती. "सरक तिकडं," म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. मग दोघी रडल्या, आणि आम्ही तिघं सरकारी माणसं चौदा पानी फॉर्म घेऊन मध्ये उभे.

* * *

आता तुम्हाला वाटेल, ढाल गेली असेल. छे हो! इंगवले साहेबांनी जीपमध्येच तोड काढली. पहिलं बाळंतपण माहेरच्या हद्दीत धरायची वहिवाट असते, असं त्यांच्या ध्यानात आलं. मोहिनीचं माहेर निनावी अर्ज करणाऱ्या त्या शेजारच्या केंद्राच्या हद्दीत येत होतं. बाळ त्यांच्या खात्यावर गेलं. ढाल आमच्याकडं आली, चौगुले डॉक्टरांची बदली कोल्हापुरास झाली. जाताना मला भेटायला आले. बायको सुखरूप बाळंत झाली, मुलगा आहे, म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "सिस्टर, तो झाला आणि आधी रडलाच नाही. तीन-चार सेकंद. मला..." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोरगंच होतं तेही.

मला मात्र नोटीस आली. खोटी नोंद केली म्हणून नाही, खऱ्याची वाच्यता केली म्हणूनही नाही. नोटिशीत होतं, 'प्रसूती रजिस्टरात एकाच ओळीत निळी व काळी अशा दोन रंगांची शाई वापरल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब शिस्तभंगाची आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

तीन दिवस मला लागले नाहीत. 'नाही' लिहिलं होतं त्याच टेबलाशी बसून मी खुलासा लिहिला. एकोणीस वर्षांत एवढा छोटा खुलासा माझ्या हातून कधी गेला नव्हता.

'निळ्या शाईतले खरे आहे. बाळ रडले.'